बेटावरची ‘रिकामी’ जागा

माझा भाचा गेल्या दिवाळीत अंदमानला गेला होता. बाराटांगच्या खाडीत होडीतून फेरी मारून आणतात, तिथले फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकले. दोन्ही काठांवरची खारफुटीची झाडं वाकून एकमेकांना भिडलेली, खाली हिरवट पाणी, पाण्यावर उन्हाचे कवडसे. सोबत लिहिलं होतं, ‘मामा, असलं जंगल आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.’ फोटो सुंदरच होते. मी तसं कळवलं आणि मग बराच वेळ मोबाइल हातात धरून बसून राहिलो. हा मुलगा कांजूरमार्ग पूर्वेला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हायवेपलीकडचं, थेट ठाण्याच्या खाडीला टेकलेलं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचंच, रान दिसतं. नऊ वर्षं तो त्या घरात आहे. रोज सकाळी त्याच खिडकीशी उभं राहून चहा पितो.

त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. खिडकीतून काय दिसतंय ते त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. शाळेत सांगितलं नाही, घर दाखवायला आलेल्या माणसाने सांगितलं नाही, आणि विक्रोळीच्या खाजणाकाठी, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या दलदलीकाठी, लहानाचा मोठा झालेल्या मी, त्याच्या सख्ख्या मामानेही सांगितलं नाही. त्यांच्या सोसायटीत त्या हिरव्या पट्ट्याला ‘मागची रिकामी जागा’ म्हणतात. त्या एका शब्दापायी मी हे लिहायला बसलो आहे.

मुंबईच्या निसर्गाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा झाडांवर नंबर पडल्यावर, नाहीतर करवत लागल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण खरा निकाल त्याआधी कितीतरी वर्षं लागून गेलेला असतो. एखाद्या जागेकडे बघून कुणालाच काही वाटेनासं झालं की ती रिकामी ठरते. एकदा रिकामी ठरली की ती कशाने भरायची एवढीच चर्चा उरते. आपलं बेट सुंदर आहे हे बघता येणं, त्याची नावं घेता येणं, याला मी म्हणूनच नागरिकाच्या हक्काइतकं महत्त्वाचं मानतो. जे कधी पाहिलं नाही त्याच्या बाजूने कुणी हरकत नोंदवायला जात नाही.

बेट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मुंबई सात बेटांची होती, असं आपण चौथीच्या धड्यासारखं म्हणतो: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, महालक्ष्मीपाशी आत घुसणारा समुद्र अडला, मग भर पडत गेली आणि बेटं संपली, अशी आपली समजूत असते. पण बेट संपलेलं नाही. सात बेटांचं एक झालं, ते उत्तरेच्या साष्टी बेटाला जोडलं गेलं, आणि साष्टी आजही चहूबाजूंनी पाण्यातच आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. हे बेट सोडून कुठेही जायचं असेल तर पाणी ओलांडावं लागतं. वाशीला, ऐरोलीला, कळव्याला, भाईंदरला आणि २०२४ पासून शिवडीच्या अटल सेतूवर. दर पुलावर गाडीचा आवाज बदलतो, वारा बदलतो, आणि डब्यातली बहुतेक डोकी मोबाइलमध्ये असतात. आपण बेटावर राहतो हे दिवसातून दोनदा कळायची सोय आहे, तरी ते आपल्या लक्षात नसतं.

आमचं घर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात होतं. वडील परळच्या गिरणीत. इमारतींच्या रांगा संपल्या की खाजण सुरू व्हायचं, आणि आमच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. तिवराचं पान जिभेला लावलं की खारट लागतं, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. ते झाड मुळांतून खारं पाणी ओढतं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, हे मात्र फार पुढे कळलं. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची मुळं श्वास घेतात. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाक वर काढून उभं असतं. ओहोटीला त्या मुळांमधून निवट्या उड्या मारत फिरायच्या. मासा असून पाण्याबाहेर चालणारा, डोक्यावर आलेल्या गोल डोळ्यांनी आपल्याकडे टक लावून बघणारा हा जीव ज्याने लहानपणी पाहिला, त्याला चिखल ही घाणेरडी गोष्ट आहे असं पुन्हा कधी पटवता येत नाही. चिंबोरीच्या बिळात काठी घालायची आणि ती नांगीत धरू द्यायची, हा आमचा खेळ होता. कोळीवाड्यातला एक म्हातारा तिथे पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायला यायचा. पाग हवेत गोल उघडून पाण्यावर पडायचा तो क्षण इतका देखणा असायचा की आम्ही खेळ थांबवून बघायचो.

त्याच्याकडूनच मी भरतीचा हिशेब शिकलो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. घड्याळात थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी सुस्त. चंद्र, तिथी, चिखल आणि मासे एका गणितात बसवणारं हे ज्ञान मुंबईत अजून जिवंत आहे. आम्हा बाकीच्यांच्या जगण्यात मात्र भरती येते ती फक्त पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रात: यंदा साडेचार मीटरपेक्षा उंच लाटांचे इतके दिवस, सावध राहा. समुद्र दिवसातून दोनदा आपल्या दाराशी येऊन जातो आणि आपल्याला त्याची आठवण धोक्याची सूचना म्हणून होते, हे मला फार लागतं.

खाजणाच्या पुढे मिठागरं होती. विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड अशी ती पसरलेली होती, आणि त्यांतली बरीच जमीन अजून तशीच आहे. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, बांधलेल्या वाफ्यांतून एकातून दुसऱ्यात खेळवायचं, उन्हाने ते घट्ट होत जायचं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. उन्हाळ्यात दुपारी तिथे बघवत नसे इतका पांढरा प्रकाश असायचा. संध्याकाळी तेच वाफे गुलाबी, मग जांभळे व्हायचे, आणि त्यात शेकाटे पक्षी आपले लांब लाल पाय टाकत एकेक पाऊल चालायचे. आगरी समाजाचं नावच आगरावरून आलं असं सांगतात. ज्या शहरात एका समाजाची ओळख आणि एक सबंध व्यवसाय या वाफ्यांतून उभा राहिला, त्या शहराने त्याच वाफ्यांना पडीक म्हणावं, हे मला समजत नाही.

२०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली २५५ एकरांहून अधिक मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. त्या वेळी बाजूने आणि विरोधात जे काही बोललं गेलं, त्यातलं बरंच मी वाचलं. विरोध करणारे पुराबद्दल बोलत होते, आणि ते बरोबरच होतं. भरतीचं आणि पावसाचं पाणी एकदम येतं तेव्हा ते पसरायला जागा हवी, आणि मिठागरं ही तशी जागा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीच्या काठाने काय झालं, ते या शहराने पाहिलं आहे. पण या सगळ्या चर्चेत मिठागर सुंदर असतं, असं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही. ते म्हणायला लोकांना संकोच वाटत असावा. घराच्या प्रश्नासमोर सौंदर्य काढणं हा उथळपणा ठरेल, अशी भीती असावी.

आरेची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा माणसं मध्यरात्री घरातून निघून तिथे पोचली. त्यात कॉलेजची मुलं होती, पाड्यांवरचे आदिवासी होते, गोरेगावच्या गृहिणी होत्या. कारशेड अखेर तिथेच झाली, तरी त्या रेट्यामुळे आरेतली सुमारे ८०० एकर जमीन वन म्हणून राखून ठेवण्याचा निर्णय पुढच्या वर्षी झाला. एवढी माणसं का आली? माझं उत्तर साधं आहे. आरे लोकांनी पाहिलेलं होतं. शाळेची सहल तिथे गेली होती, छोटा काश्मीरच्या तळ्यात होडी वल्हवली होती, पावसात मोटरसायकलवरून तिथे भिजून आले होते, कुणाचं लग्न तिथल्या फेरफटक्यात ठरलं होतं. मिठागरात कुणाची सहल गेलेली नाही. खाजणात कुणी प्रेमात पडलेलं नाही. म्हणून तिथे मध्यरात्री कुणी धावत जाणार नाही. प्रेम करायला आधी जाणं-येणं असावं लागतं, हे माणसांच्या बाबतीत जितकं खरं आहे तितकंच जमिनीच्या बाबतीतही खरं आहे.

शहराला सौंदर्याची हौस नाही असं नाही, उलट आहे. २०२२ च्या अखेरीस महापालिकेने सौंदर्यीकरणाचा मोठा प्रकल्प हाती घेतला, खर्च १,७०० कोटी रुपयांच्या घरातला. पूल रंगले, भिंतींवर चित्रं आली, दुभाजकांवर दिवे लागले, झाडांच्या खोडांभोवती विजेच्या माळा गुंडाळल्या गेल्या. रंगीत भिंतीवर माझा राग नाही. लोकलमधून दिसणारी एखादी रंगवलेली भिंत दिवसभराच्या दगदगीत डोळ्यांना बरी वाटते. पण सौंदर्यीकरण या शब्दातच एक गृहीतक आहे की इथे सौंदर्य नव्हतं, ते आता आणायचं आहे. माळ गुंडाळलेल्या झाडावर रात्री पाखरांनी कसं झोपावं, हा प्रश्न त्या शब्दाला पडत नाही. मिठीचे काठ भिंतींनी बांधून काढले की ती सुशोभित झाली, असं आपण मानतो. विहार आणि पवईच्या तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ती नदी आहे, आणि नदीचा काठ ओला, उतरता, झुडपांचा असतो, हे विसरतो. आहे ते बघायला लावण्यापेक्षा नाही ते आणून लावणं सोपं असतं, आणि त्याचं उद्घाटनही करता येतं.

आता घराचा प्रश्न. त्याला उत्तर दिल्याशिवाय हा लेख पुढे नेणं अप्रामाणिकपणा ठरेल. लोक म्हणतात, दहा बाय पंधराच्या खोलीत सहा जण झोपतात, त्यांना तुम्ही शेकाटे काय दाखवता? मी स्वतः एका खोलीच्या घरात वाढलो आहे, म्हणून हे विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. आमची खोली लहान होती म्हणूनच खाजण आमचं अंगण होतं. ज्याच्या घरात बाल्कनी आहे, क्लबचं सदस्यत्व आहे, लोणावळ्याला बंगला आहे, त्याला फुकटच्या समुद्राची तेवढी गरज नाही. रविवारी संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर, दादरला, जुहूला वाळूत बसलेली माणसं बघा. बहुतेक सगळी लहान घरांतून आलेली असतात. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरसुद्धा येत नाही. अशा शहरात गरिबाच्या वाट्याचं आकाश म्हणजे समुद्र, खाडी आणि टेकड्या. त्याच्यासाठी घर बांधायचं म्हणून त्याच्याच वाट्याचं आकाश काढून घ्यायचं, आणि ते घरही सखल, पाणी भरणाऱ्या जमिनीवर द्यायचं, याला मी न्याय म्हणू शकत नाही. हिंदमाता आणि गांधी मार्केट दर पावसाळ्यात का तुंबतं ते आपल्याला ठाऊक आहे. जुन्या बेटांमधल्या सखल भागांवर शहर उभं राहिलं की पाणी तिथेच जमतं. तीच चूक मुलुंड-भांडुपला, आणि तीही सगळ्यात गरीब माणसांना पुढे करून, नव्याने करू नये. घरं हवीतच, पण त्यांच्यासाठी जागा शोधताना सगळ्यांची नजर पहिल्यांदा चिखलाकडेच का वळते, हे विचारलं पाहिजे.

सौंदर्याच्या नावाखाली दुसरी एक गोष्ट होते, तीही इथे बोलली पाहिजे. किनारा सुंदर करायचा म्हणून कोळ्यांना हलवायचं. वेसाव्याला, खारदांड्याला, वरळीला बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात. त्या वासाची तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातले काही स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात. ऑक्टोबरनंतरच्या कोवळ्या उन्हात ओळीने लटकलेले ते चंदेरी बोंबील, मागे निळा समुद्र आणि शिडाच्या दोऱ्या, यापेक्षा मुंबईचं दुसरं अस्सल चित्र मला माहीत नाही. वास आला तर येऊ द्यावा. किनाऱ्यावरचं माणूस वजा करून उरलेला किनारा ज्यांना सुंदर वाटतो, त्यांच्याशी माझं जमत नाही.

वरळी कोळीवाड्याचं उदाहरण तर या सगळ्या वादावर उजेड टाकणारं आहे. किनारी रस्त्याचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जाणार होता आणि दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. मच्छीमारांचं म्हणणं होतं की लाट, वारा आणि ओढ एकदम आली की एवढ्या फटीतून होडी सुखरूप आत येणार नाही. कागदावर ६० मीटर पुरत होते. पाण्यावर पुरत नव्हते. त्यांनी काम अडवून धरलं, बोटी घेऊन समुद्रात उभे राहिले, आणि अखेर २०२२ च्या डिसेंबरात अंतर १२० मीटर करण्याचं मान्य झालं. त्यांची मागणी त्याहून जास्त होती. तरीही जे मिळालं ते कशाच्या जोरावर मिळालं? आपल्या पाण्याची रोजची ओळख, एवढंच त्यांच्याकडे होतं. ती ओळख नसती तर पूल ६० मीटरवरच झाला असता, आणि पहिल्या अपघातानंतर चौकशी समिती नेमली गेली असती.

मी पूर्व किनाऱ्याचा माणूस, म्हणून खाडीबद्दल जास्त बोलतो. पण या बेटावर बघण्यासारखं किती आणि किती ठिकाणी पडलेलं आहे! अंधेरीत इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे, सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या कातळाचा सरळसोट सुळका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्याचे षट्कोनी खांब झाले, तेच ते. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, दिवा रोज लागतो. वरळीच्या टेकडीतल्या खडकाच्या थरांत इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले, ते १९ व्या शतकात अभ्यासकांनी जगापुढे मांडले. म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या उसंतीत इथे उथळ पाणी होतं आणि त्यात बेडूक होते. वरळीत पहिल्या सरीनंतर बेडूक ओरडायला लागला की मला ते आठवतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कारवीचा फुलोरा सात-आठ वर्षांनी एकदा येतो. २०१६ मध्ये कान्हेरीच्या वाटेने डोंगर निळा-जांभळा झाला होता. १०० चौरस किलोमीटरहून मोठ्या त्या जंगलात आणि आजूबाजूला पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, आणि आरेच्या पाड्यांवर वाघोबाची पूजा आजही होते. शेजारी राहणाऱ्या जनावराचं भय आणि आदर एकाच देवळात ठेवायची ती रीत मला शहाणपणाची वाटते. हाजी अलीच्या खडपांत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, मोठ्या ओहोटीला समुद्रफुलं उघडलेली दिसतात, प्रवाळ दिसतात, नशीब असेल तर दगडाच्या रंगाचा ऑक्टोपस. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना या खडपांवर घेऊन जातात. कफ परेडपासून दहिसरपर्यंतची मुलं गुडघाभर पाण्यात वाकून बघत असतात, आणि त्यांच्या पाठीमागे सिग्नलला गाड्या उभ्या असतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा मुंबईत प्रवाळ आहेत हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला रोहित पक्ष्यांचा थवा विमानाला धडकला आणि तीसहून अधिक पक्षी मेले, तेव्हाही तेच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना त्या रात्रीनंतर समजलं की हे पक्षी आपल्या घरांवरून उडत जातात. एखाद्याचं अस्तित्व त्याच्या मरणाच्या बातमीतून कळावं, ही शेजाऱ्याला शोभणारी गोष्ट नाही.

मग काय करावं? पैसे फार लागणार नाहीत. खाडीकाठच्या आणि समुद्रकाठच्या प्रत्येक पालिका शाळेच्या भिंतीवर तिथी आणि भरतीचं कोष्टक असावं, आणि मुलांनी महिन्यातून एकदा ओहोटीला पाण्यावर जाऊन यावं. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको. कोळीवाड्यातली कालवं काढणारी एखादी मावशी, मिठागरात हयात घालवलेला आगरी काका, पाड्यावरची वारली आजी यांना मानधन देऊन बोलवावं. मिठागरांचे जुने बांध दुरुस्त करून चालायला खुले करावेत, पण त्यावर फरश्या आणि दिवे नकोत. ठाणे खाडीचा पश्चिम भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. मुंबईच्या बाजूने सामान्य माणसाला तिथवर सहज पोचता येईल अशा वाटा मात्र अजून फार थोड्या आहेत. त्या कराव्यात.

आणि शब्द बदलावेत. विकास आराखड्यात अशा जमिनींना कित्येक वर्षं ‘ना विकास क्षेत्र’ म्हणत आले. त्या जमिनीवर काय नाही एवढंच त्या नावातून कळतं. तिथे काय आहे ते लिहा ना. खाजण, खडप, मिठागर, कांदळवन, पाणथळ. हे शब्द आपल्या भाषेत होते आणि आहेत. शहराची जुनी नावंही अशीच बघून ठेवलेली होती: चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, वडाळा, खार. ज्यांनी ती नावं ठेवली त्यांना ती जागा दिसत होती. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. तिचं पांढरं झुपकेदार फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी गळून पाण्यावर तरंगतं. मुंबईतल्या किती मुलांना ते झाड ओळखता येतं?

उत्तरेकडे वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी हजारो कांदळझाडांवर पाणी सोडावं लागणार आहे. त्यावर न्यायालयात, पालिकेत, पेपरांत बोललं जातंय, आणि बदल्यात दूर कुठेतरी झाडं लावायचं आश्वासन आहे. झाडांच्या संख्येला झाडांची संख्या, असा तो हिशेब आहे. मालाड-चारकोपच्या मुलाने आपल्या गल्लीच्या टोकाला बघितलेला निवटा त्या हिशेबात कुठल्या रकान्यात मांडणार?

होळीच्या आधी, फाल्गुन उजाडायच्या थोडं आधी म्हणजे माघ वद्य तृतीयेला, रविवारी, मी भाच्याला घेऊन भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने खाडीवर गेलो. सकाळचे आठ वाजले होते. पाणी दूरवर गेलेलं, चिखल उघडा पडलेला, आणि त्यावर लांब एक फिकट गुलाबी रेघ. त्याला आधी ती रेघ धुक्यासारखी वाटली. मग ती हलली. वाऱ्यावर कांजूरच्या कचराभूमीचा वास येत होता, त्याने रुमाल काढला, पण नाकाला लावायचा विसरला. खाली तिवराच्या मुळांपाशी निवट्या होत्या. एकीने पाठीवरचा पंख शिडासारखा उभा केला आणि दुसरीवर धावून गेली. तो उकिडवा बसला, आणि बराच वेळ उठला नाही.

‘अंदमानला हे नव्हतं,’ तो म्हणाला.

‘असणार. होडी थांबली नसेल.’

मी त्याला पाऊणपटीचा हिशेब सांगितला. त्याने मोबाइलवर कॅलेंडर उघडून तिथी बघितली, ओठांतल्या ओठांत मोजलं. तीनाचे पाऊणपट सव्वादोन.

‘म्हणजे दुपारी सव्वादोनला इथे पाणी? आपण उभे आहोत तिथपर्यंत?’

‘या बांधापर्यंत.’

त्याने बांधाकडे बघितलं, मग पार लांब गेलेल्या पाण्याकडे. ‘घरी जेवून परत येऊ, मामा. मला ते येताना बघायचंय.’